कार्यशाळेचे दार आठवीतच उघडा

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा सगळ्यांच्या नजरा कमळाच्या कल्पनेवर उभारलेल्या त्या भव्य टर्मिनलवर खिळल्या होत्या. त्याच कार्यक्रमात आणखी एका गोष्टीचा प्रारंभ झाला आणि तिची बातमी आतल्या पानावर गेली. राज्यातील ४०० शासकीय आयटीआय आणि १५० शासकीय तांत्रिक विद्यालये यांमधून अल्पमुदतीचे रोजगारक्षम प्रशिक्षण द्यायचे, त्यासाठी २,५०० नव्या तुकड्या काढायच्या, अशी ती योजना आहे. त्यांतल्या ३६४ तुकड्या केवळ महिलांसाठी आणि ४०८ तुकड्या कृत्रिम बुद्धिमत्ता, इलेक्ट्रिक वाहने, सौरऊर्जा, त्रिमितीय छपाई अशा नव्या विषयांच्या आहेत. योजना चांगली आहे. पण तिच्यातला ‘तांत्रिक विद्यालये’ हा शब्द वाचून मला जास्त बरे वाटले, कारण या राज्याने शाळकरी मुलांना हातात हत्यार धरायला शिकवण्याची व्यवस्था फार पूर्वीच उभी केली होती आणि मग तिच्याकडे पाठ फिरवली होती.

आठवी ते दहावीची मुले एका भाषेऐवजी तांत्रिक विषय घेतात, आपल्या शाळेतून ठरलेल्या तासांना जवळच्या शासकीय तांत्रिक केंद्रात जातात आणि तिथल्या कार्यशाळेत काम करतात, अशी ही मूळ रचना. नवख्या मुलाला तिथे सहसा पहिले काम मिळते ते कानस चालवण्याचे. बाकाला व्हाइस बसवलेला असतो, त्यात माइल्ड स्टीलची जाड पट्टी आवळलेली असते. ती सपाट करायची आणि तिच्या कडा गुण्यात आणायच्या, एवढेच काम. मुलगा जोर लावतो, कानस डोलते, पट्टीची मधली बाजू उंच राहते आणि टोके खाली जातात. मग गुण्या लावून पट्टी उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस. भूमितीच्या वहीत ९० अंश सहज लिहिले जातात. इथे खांदे भरून आल्यावर त्या ९० अंशांचा अर्थ कळतो. पुढे विजेच्या कामात जिन्यातला दिवा खालून लावून वरून बंद करायची जोडणी येते. दोन टू-वे स्विच, तीन तारा आणि एक बल्ब. बल्ब लागला नाही तर शेरा मारायला शिक्षकाची गरज पडत नाही. कुठली तार चुकली ते मुलगा स्वतः शोधत बसतो. शालेय शिक्षणात आपली चूक आपल्याच डोळ्यांनी पाहून आपल्याच हातांनी दुरुस्त करण्याचे प्रसंग इतके थोडे असतात, की एवढ्या एका कारणासाठीही कार्यशाळा शाळेत असायला हवी.

हा विषय नवी मुंबईत बोलायचा तर जमिनीपासून सुरुवात करावी लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनींवर नव्या शहराची आखणी सुरू झाली. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आक्रसली. आगरी, कोळी, कराडी समाजाच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या असलेली कौशल्ये एका झटक्यात निरुपयोगी ठरली. बांध कधी फोडायचा, मिठाचे आगर कसे राखायचे, भरतीचे पाणी कोणत्या वळणाने येते, हे ज्ञान शाळेच्या दाखल्यावर कुठे नोंदवलेले नव्हते. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दास्तान आणि नवघर फाट्यावर शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मे झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व पुढे आले. विमानतळाला त्यांचेच नाव मिळावे म्हणून इथली गावे पुन्हा रस्त्यावर उतरली, ती याच कृतज्ञतेपोटी.

भूखंडासोबतची दुसरी मागणी होती नोकरीची. ती आजही आहे आणि ती रास्तच आहे. पण १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले ते आधुनिक कंटेनर बंदर म्हणून. जुन्या गोदीत हमालांच्या टोळ्या लागत. इथे क्रेन चालवणारा, शीतपेट्यांची दुरुस्ती जाणणारा, सीमाशुल्काची कागदपत्रे संगणकावर भरणारा माणूस लागत होता. असा माणूस तयार व्हायला काही वर्षे जातात. म्हणजे बंदराचा पाया खणताना शेजारच्या गावातली आठवीतली मुले कार्यशाळेत उभी असायला हवी होती. प्रकल्पग्रस्तांना पुढे प्रशिक्षण मिळाले, विद्यावेतन मिळाले, पण ते शाळा सुटल्यानंतर. तोवर मुलगा एक तर नापासाचा शिक्का घेऊन बसलेला असे किंवा कला शाखेची पदवी हाती घेऊन. ठाणे-बेलापूर रस्त्याचेही असेच झाले. एकेकाळी नोसिल, हर्डिलिया, पील अशा रसायन कारखान्यांची ही ओळख होती. आज ऐरोली-महापे पट्ट्यात संगणक कंपन्या आणि डेटा सेंटर उभी आहेत. डेटा सेंटर म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे संगणक अभियंता येतो. प्रत्यक्षात ते चालते विजेच्या, वातानुकूलनाच्या आणि जनरेटरच्या तंत्रज्ञांच्या जिवावर. दर दशकाला या शहराची गरज बदलते आणि शाळेला ते कळेपर्यंत पुढचा प्रकल्प येतो.

असे का होत आले, याचे उत्तर ‘आपल्या समाजात श्रमाला प्रतिष्ठा नाही’ एवढ्यावर थांबते आणि मला ते कधीच पुरेसे वाटले नाही. ज्या समाजातून महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले आणि शेतकऱ्यांच्या मुलांना लेखन-वाचन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान द्या अशी मागणी केली, त्या समाजाला श्रम शिकवावे लागत नाहीत. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफणारी ‘नई तालीम’ सेवाग्रामला सुरू झाली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव आणि माध्यमिक शिक्षणाचे व्यावसायिकीकरण यांचा आग्रह धरला. आपल्या पिढ्यांनी शाळेत ‘कार्यानुभव’ नावाचा तास पाहिला आहे. त्यात शुभेच्छापत्रे, कागदी फुले आणि फार तर मेणबत्त्या झाल्या, आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताला गेला. विचार जिवंत होता. साधन, शिक्षक आणि वेळ त्याला कधी मिळाला नाही.

१९७८-७९ मध्ये कनिष्ठ महाविद्यालयांत द्विलक्ष्यी अभ्यासक्रम आले. एक भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून २०० गुणांचा एक व्यवसाय विषय घ्यायचा. विद्युत देखभाल, यांत्रिक देखभाल, स्कूटर-मोटारसायकल दुरुस्ती, पीकशास्त्र, मत्स्यव्यवसाय, बँकिंग, इलेक्ट्रॉनिक्स आणि पुढे संगणकशास्त्र. बारावी विज्ञान शाखेच्या पालकांना ‘बायफोकल’ हा शब्द नीट ठाऊक असतो. विज्ञान शाखेत इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणकशास्त्र यांना मागणी किती, हे प्रवेशाच्या दिवसांत कोणत्याही नामांकित महाविद्यालयाच्या खिडकीपाशी कळते. कारण उघड आहे. २०० पैकी गुण भरभरून मिळतात, जीवशास्त्र आणि दुसरी भाषा सुटते, अभियांत्रिकीचा रस्ता मोकळा राहतो. म्हणजे व्यवसाय शिक्षण म्हणून आखलेला अभ्यासक्रम पदवीकडे जाणाऱ्या मुलांनी उचलून धरला.

या एका उदाहरणात मला सगळ्या प्रश्नाची किल्ली दिसते. पालक हाताच्या कामापासून पळत नाहीत. ते बंद दारापासून पळतात. ज्या व्यवसाय विषयातून वरचा जिना दिसतो तिथे रांग लागते. हे खरे असले तरी बायफोकलचे कौतुक करून थांबता येत नाही, कारण त्यातल्या किती मुलांनी बारावीनंतर सोल्डरिंगची काडी हातात धरली, हा प्रश्न उरतोच. जिना आहे पण काम नाही, अशी ती गत.

उलट स्थिती किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रमांची, म्हणजे ज्याला सगळे ‘एमसीव्हीसी’ म्हणत त्याची. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ठरवले होते की १९९० पर्यंत उच्च माध्यमिकच्या १० टक्के आणि १९९५ पर्यंत २५ टक्के मुलांनी व्यवसाय शाखेत यावे. गाठता आले नाही म्हणून १९९२ मध्ये तीच मुदत १९९५ आणि २००० वर ढकलली. महाराष्ट्राने १९८८-८९ पासून एमसीव्हीसी सुरू केले आणि मोठ्या प्रमाणावर सुरू केले. प्रात्यक्षिकावर भर, कामाच्या जागी प्रत्यक्ष अनुभव, बारावीनंतर शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एका वर्षाची उमेदवारी. या कायद्यात १९८६ ची दुरुस्ती खास या मुलांसाठीच झाली होती. तांत्रिक गटातल्या मुलाला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही सोयही आहे. कागदावर यात काही उणे काढता येणार नाही.

उणे होते प्रवेशाच्या खिडकीपाशी. कला, वाणिज्य, विज्ञान यांत जागा मिळाली नाही की मग एमसीव्हीसी, असा क्रम शाळांनीच लावून दिला. दहावीला कमी गुण पडलेल्या मुलाला ‘तू तिकडे जा’ म्हणून सांगितले की तो अभ्यासक्रम कितीही चांगला असला तरी शिक्षा ठरतो. यंत्रसामग्री जुनी होत गेली, अर्धवेळ शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहिल्या. गेल्या दशकात या अभ्यासक्रमांची फेररचना होऊन ते ‘उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रम’ झाले आणि विषय २० वर आले. त्या यादीत लॉजिस्टिक्स आणि पुरवठा साखळी व्यवस्थापन आहे, मत्स्य तंत्रज्ञान आहे, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स तंत्रज्ञान आहे, पर्यटन आणि आतिथ्य आहे, वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. बंदर, विमानतळ, एपीएमसी बाजार आणि खाडी असलेल्या शहरासाठी याहून नेमकी यादी कुणी वेगळी करायची गरज नाही. तरीही अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी ‘एचएसव्हीसी’ अशी अक्षरे समोर येतात आणि त्यांचा अर्थ सांगायला शाळेत कुणी नसते.

या सगळ्या पसाऱ्यात एक प्रयोग असा आहे की त्याच्याबद्दल लिहिताना हात आखडता घ्यावासा वाटत नाही. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळ या अवर्षणप्रवण गावी गेले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेल्या मुलांपासून सुरुवात झाली आणि त्यातून ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा आठवी ते दहावीचा विषय घडला. माध्यमिक शिक्षण मंडळाने त्याला १९८७ मध्ये मान्यता दिली. शाळेत त्याला ‘आयबीटी’ म्हणतात. आठवड्यातला एक दिवस त्यासाठी द्यायचा. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार भाग, आणि चारही भाग प्रत्येकाने करायचे. मुलगी वेल्डिंग करते, मुलगा हिमोग्लोबिन तपासतो. शिकवणारे निदेशक गावातलेच, स्वतःच्या हुन्नरावर पोट भरणारे. मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगी पडायचे: शाळेची बाके दुरुस्त करणे, फेरोसिमेंटची टाकी बांधणे, नळजोडणी, रोपवाटिका. त्याचे पैसे येतात, साहित्याचा खर्च काही अंशी निघतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेर पहिल्या काही ‘फॅब लॅब’ उभ्या राहिल्या, त्यांतली एक याच पाबळला आली. डॉ. कलबाग २००३ मध्ये गेले. पुण्याच्या ‘लेंड अ हँड इंडिया’ने हा विषय पुढे पुष्कळ शाळांत नेला आणि आजच्या शालेय व्यवसाय विषयांतल्या ‘मल्टिस्किल फाउंडेशन’ अभ्यासक्रमाची मुळे त्यातच आहेत.

पाबळची खरी कमाई कोणती? तिथे कुणाला चौदाव्या वर्षी ‘तू वेल्डर हो’ असे सांगितले नाही. हुशार आणि मागे पडलेली अशी वाटणी केली नाही. सगळ्यांनी सगळे हाताळायचे, आणि मग ज्याला जे आवडेल त्याने ते पुढे न्यायचे. आठवीत कार्यशाळा पाहिलेले मूल दहावीनंतर तंत्रनिकेतन निवडते ते समजून. अकरावीत ढकललेले मूल नाइलाजाने येते. या फरकावरच व्यवसाय शिक्षणाचे यश ठरते, असे माझे ठाम मत आहे.

आता सरकारी चित्र. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याखाली नववी ते बारावीसाठी व्यवसाय विषय शाळांत आले. ऑटोमोबाइल, रिटेल, सौंदर्य व निगा, आरोग्यसेवा, पर्यटन वगैरे. हे शालेय शिक्षण विभागाकडे, समग्र शिक्षा योजनेतून. अकरावी-बारावीचे उच्च माध्यमिक व्यवसाय अभ्यासक्रम कौशल्य विभागाच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे. आयटीआय आणि तांत्रिक विद्यालयेही त्याच संचालनालयाकडे. शाळेतल्या आणि अकरावी-बारावीच्या विषयांची परीक्षा मात्र बोर्डाची. दोन खात्यांमध्ये मूल एकच आहे, पण नववीत एका खात्याच्या ऑटोमोबाइलचा धडा गिरवलेल्या मुलाला अकरावीत दुसऱ्या खात्याच्या ऑटोमोबाइलच्या वर्गाचा पत्ता शाळा देत नाही. समग्र शिक्षेतल्या व्यवसाय प्रशिक्षकांची नेमणूक बाह्य संस्थांमार्फत, कंत्राटावर होते. ज्याची स्वतःची नोकरी पुढच्या जूनमध्ये आहे की नाही हे ठरलेले नसते, त्याने मुलांना कामाच्या प्रतिष्ठेबद्दल सांगायचे, हे क्रूर आहे. त्यात संस्कृतचे गणित येते. दहावीला संस्कृतमध्ये शंभरच्या आसपास गुण मिळतात, मग एका भाषेच्या जागी ऑटोमोबाइल का घ्यायचे, हा पालकांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही.

मुलींच्या वाट्याला सौंदर्य आणि आरोग्यसेवा, मुलांच्या वाट्याला वाहने आणि वीज, ही वाटणीही न बोलता होऊन जाते. आणि तिच्याहून खोल वाटणी आहे ती शाळांची. नवी मुंबई महानगरपालिकेच्या शाळेत दिघा, तुर्भे, इलठणच्या वस्त्यांतली मुले येतात. वाशी, नेरूळ, खारघरच्या मोठ्या खासगी शाळांतली मुले संध्याकाळी जेईईच्या क्लासला जातात. व्यवसाय विषय फक्त पहिल्या गटाला दिला तर ती मुले आणि त्यांचे आईबाप बरोबर ओळखतात की जुनीच जातीची वाटणी नव्या नावाने दारात आली आहे. सुताराच्या मुलाला शाळेने रंधा दिला आणि डॉक्टरच्या मुलाला कोडिंग दिले, तर सुताराने शाळेवर विश्वास का ठेवावा? नई तालीमबद्दलही हा संशय घेतला गेला होता आणि तो अनाठायी नव्हता. म्हणून कार्यशाळा सगळ्यांना, बोर्ड कुठलेही असो, फी कितीही असो.

धोरणाने या वेळी निदान दिशा बरोबर धरली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेतला अंदाज दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या भारतीय कामकऱ्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी जणांना औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळाले होते, अमेरिकेत हे प्रमाण ५२, जर्मनीत ७५ आणि दक्षिण कोरियात ९६ टक्के. २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय व्हावा, असे त्या धोरणाचे उद्दिष्ट होते. २०२३ च्या शालेय शिक्षण आराखड्याने सहावीपासून सर्वांसाठी सजीवांशी निगडित काम, यंत्रे आणि साहित्याशी निगडित काम, मानवी सेवा असे तीन प्रकार सांगितले. एनसीईआरटीचे सहावीचे ‘कौशल बोध’ पुस्तक त्यातूनच आले. पाबळला आठवड्यातला एक दिवस जे चालते, तेच दिल्लीने चार दशकांनी आराखड्यात लिहिले.

जर्मनीचे नाव घेतले की लोक ‘तिथली गोष्ट वेगळी’ म्हणतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तिथल्या व्यवस्थेत मूल आठवड्यातले काही दिवस शाळेत आणि उरलेले दिवस कारखान्यात शिकते, आणि त्या शिकण्याचा मोठा खर्च उद्योग उचलतो. त्यांना आपली मुले हवी असतील, तर त्यांच्या उद्योगांनी तिथे उचललेली जबाबदारी तळोजा आणि महापे इथल्या उद्योगांनी इथे का उचलू नये? उमेदवाराला वर्षभर ठेवून घेणे हा उपकार नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे.

नवी मुंबईला हे इतर कुठल्याही शहरापेक्षा सोपे आहे. सिडकोने शहर नोडनुसार, म्हणजे स्वतंत्र विभागांनुसार, आखले, शाळांसाठी भूखंड आधीच राखले. प्रत्येक शाळेत लेथ, वेल्डिंग संच आणि विजेचे पॅनेल ठेवणे परवडणारे नाही, ते करूही नये. प्रत्येक नोडला एक सामायिक कार्यशाळा पुरेल. महापालिकेच्या, संस्थांच्या आणि खासगी शाळांतली आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस तिथे जातील. तांत्रिक विद्यालय केंद्राची राज्यातली जुनी रचना नेमकी हीच आहे, तिला नवे नाव द्यायचीही गरज नाही. निदेशक म्हणून करावे आणि दिवाळे या गावांतला होडी बांधणारा, तुर्भ्यातला रेफ्रिजरेशनचा मेकॅनिक, बंदरातून निवृत्त झालेला क्रेनचालक यांना मानाने बोलवावे, कायम मानधनावर. दहावीनंतर ज्याला पुढे जायचे आहे त्याला तंत्रनिकेतनाचा, आयटीआयचा आणि पदवीचा असे तिन्ही रस्ते लेखी दाखवावेत. त्या जिन्याच्या वरच्या टोकाला राज्याचे कौशल्य विद्यापीठही आता आहे. २०२४ मध्ये त्याला रतन टाटा यांचे नाव मिळाले.

जूनमध्ये शाळा उघडतील आणि पालकसभा होतील. आपल्या मुलाचे किंवा मुलीचे नाव कुठल्याही शाळेत असो, त्या सभेत उभे राहून तीन गोष्टी विचारा. आठवी ते दहावीला कुठला व्यवसाय विषय आहे, आठवड्यात किती तास आहेत, आणि ते कुठल्या कार्यशाळेत होतात. उत्तर मिळाले नाही तर महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि सिडकोला लेखी अर्ज करा, पोच घ्या आणि प्रभागातल्या इतर पालकांच्या सह्या सोबत जोडा.